दाराबाहेरची माणसं

(चंद्रपूर येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फार अदबीनं विचारलं होतं, "थोडा जड नाही का होणार?" होणार. लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या आपल्या माणसाला साथ कशी द्यायची, यावर हलकंफुलकं बोलता येत नाही. पण हा विषय मी बाहेरून या सभागृहात आणलेला नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक अहवाल काढला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला होता. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचं सांगितलं. आणि सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. (इथे आल्यावर पुरुषमंडळी खुर्चीत जरा सावरून बसतात. आत्ताही बसली.) म्हणजे विषय माझ्या आधीच येऊन खुर्च्यांवर बसलेला आहे.

ज्यांनी सोसलं, त्यांना मी आज काही सांगणार नाही. त्यांना सांगणारे खूप झाले. मला बोलायचंय ते त्यांच्या शेजारी बसलेल्यांशी. नवरा, बायको, बहीण, भाऊ, माय, जिवाभावाची मैत्रीण. कधीतरी रात्री, स्वयंपाकघर आवरताना किंवा गाडीवरून परतताना, ज्यांच्या कानावर एखादं अर्धवट वाक्य पडतं आणि मग काय बोलावं ते सुचत नाही, त्यांच्याशी.

आणि हे बोलायला चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. कारण या देशाचा बलात्काराचा कायदा पहिल्यांदा गदागदा हलला तो आपल्या इथल्या एका मुलीमुळे.

गोंदियाच्या गाडीत बसा, नागभीड गेलं, ब्रह्मपुरी गेली, वैनगंगा ओलांडली की वडसा. वडसा-देसाईगंज. २६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. देसाईगंज चंद्रपुरातच होतं. एक आदिवासी मुलगी. आईबाप लहानपणीच गेलेले, भावासोबत मजुरी करणारी. डॉक्टरांच्या अंदाजाने वय चौदा ते सोळा. तिचं नाव तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे, कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात ते छापलेलं आहे. अशी नावं छापायला बंदी करणारं कलम तिच्या खटल्यानंतर आलं, म्हणून ते तिच्या वाट्याला आलं नाही. मी आज ते नाव घेणार नाही.

भावाच्याच एका तक्रारीवरून सगळ्यांना जबाबासाठी पोलीस ठाण्यात आणलं होतं. जबाब झाले, बाकीच्यांना जा म्हणून सांगितलं, मुलीला थांबवून घेतलं. बाहेर तीन माणसं थांबली होती. तिचा भाऊ, ज्या मुलाशी तिला लग्न करायचं होतं तो, आणि जिच्या घरी ती कामाला जायची ती बाई. ठाण्यातले दिवे गेले, दार आतून लागलं, तशी ही माणसं इमारतीला वळसा घालून मागे गेली. बाईने हाका मारल्या. आतून उत्तर नाही. हाका ऐकून गाव जमलं. मग ती मुलगी मागच्या बाजूने बाहेर आली आणि तिथल्या तिथे, तिच्या माणसांना तिने सांगितलं की आत काय झालं.

पुढे काय झालं? ती बाई तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, आधी ठाण्यात जाऊन तक्रार द्या. ज्या ठाण्यात हे घडलं, त्याच ठाण्यात. ही माणसं परत गेली. जमाव हलायला तयार नव्हता, ठाणं जाळून टाकू म्हणत होता. तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली गेली.

या रात्रीबद्दल लिहिणाऱ्यांनी पोलिसांबद्दल लिहिलं, न्यायालयांबद्दल लिहिलं. ते लिहायलाच हवं होतं. मला मात्र ती दाराबाहेरची तीन माणसं सोडवत नाहीत. त्यांच्याजवळ कायदा नव्हता, पैसा नव्हता. समुपदेशन हा शब्द तेव्हा देसाईगंजात कुणी ऐकला असेल असं वाटत नाही. त्यांनी केलं ते एवढंच. थांबले. दिवा गेल्यावर घरी गेले नाहीत. हाक मारली. तिने सांगितलं ते उभ्याउभ्या ऐकून घेतलं. डॉक्टरकडे सोबत गेले, परत सोबत आले. साथ देणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी याहून जास्त काय सांगणार?

आता त्या सांगण्याचं न्यायालयांनी काय केलं ते ऐका. १ जून १९७४ ला सत्र न्यायालयाने ठाण्यातल्या दोन्ही आरोपी पोलिसांना सोडून दिलं. बाहेर आपली माणसं उभी होती, त्यांच्यासमोर इभ्रत राहावी म्हणून तिने बलात्कार झाल्याचं सांगितलं, असं न्यायालयाला वाटलं. बघा हं. ती ताबडतोब बोलली, आपल्या माणसांपाशी बोलली, तर तेच बोलणं तिच्या विरोधात गेलं. १२ ऑक्टोबर १९७६ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीने गप्प राहणं वेगळं आणि संमती वेगळी, हे त्यांनी नीट सांगितलं आणि शिक्षा दिली. आणि १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुटका केली. अंगावर खुणा नाहीत. आणि भाऊ इतक्या जवळ असताना तिने आपल्या माणसांना हाक का नाही मारली?

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात, मी संमती दिली नव्हती असं बाई सांगत असेल, तर न्यायालयाने ते धरून चालायचं, असं ठरलं. तिच्यावरचं सिद्ध करण्याचं ओझं थोडं तरी उतरलं.

कायदा शिकला, मंडळी. अडखळत शिकला. अगदी अलीकडे, जानेवारी २०२१ मध्ये, त्याच नागपूर खंडपीठातून कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालचा, लैंगिक हल्ला ठरत नाही असा निकाल आला आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो पुसावा लागला. पण शिकला.

घर शिकलं का?

माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे. आपल्या घरांत अजून १९७४ चं सत्र न्यायालय भरतं. तीस वर्षांची बाई नवऱ्याला सांगते, मी आठ वर्षांची असताना मामाकडे असं असं झालं होतं. घरातले लगेच न्यायाधीश होतात. तवाच काहून नाही सांगितलं? ओरडली काहून नाही? मग त्याच मामाच्या घरी पुन्हा सुट्टीत कशी गेलीस? लग्नात त्याच्यासोबत फोटोत हसताना दिसतेस ती? नक्की आठवतं का तुला, का टीव्हीवर काही पाहिलंस? हे प्रश्न विचारणारी माणसं वाईट नसतात. घाबरलेली असतात. सांगितलेलं खोटं निघालं तर किती बरं होईल, असं त्यांना आतून वाटत असतं, कारण खरं निघालं तर मामा जातो, दिवाळी जाते, आजीचं घर जातं. पण समोर बसलेलीला त्यातलं काही ऐकू जात नाही. तिला ऐकू येतं ते एवढंच, की खुणा दाखव.

आठ वर्षांचं पोर ओरडत का नाही? कारण ओरडायचं कुणाकडे बघून, तेच त्याला कळत नाही. ज्याच्याकडे बघून ओरडायचं तोच ते करत असतो, किंवा त्याच्याच ताटात घर जेवत असतं. भीतीने अंग गोठतं, आवाज फुटत नाही. मोठ्या माणसाचं होतं तसंच लहानाचंही होतं. आणि पुन्हा त्या घरी का गेली? मंडळी, आठ वर्षांचं पोर कुठे जातं ते ते पोर ठरवतं का?

गप्प बसण्याबद्दल एक आपल्याच मुलखातली गोष्ट सांगते. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० बायकांना तपासलं. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आणि जगभर गाजला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात आठ. म्हणजे दुखणं होतं, बाई होती, घरात माणसं होती. विचारणारं कुणी नव्हतं. जे गर्भाशयाच्या दुखण्याबद्दल बोलत नव्हते, ते याबद्दल आपणहून बोलतील ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्यातून आपल्याकडे आश्रमशाळा आहेत. भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवती, या भागातलं पोर सहाव्या वर्षी घर सोडतं आणि दिवाळीला, उन्हाळ्यात परत येतं. तेव्हा घर मोहावर किंवा तेंदूवर असतं, नाहीतर मायबाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेले असतात. घरी माडिया किंवा गोंडी, शाळेत मराठी. आश्रमशाळा नकोत असं मी म्हणत नाही, या शाळांनीच तालुक्याला पहिले मास्तर आणि पहिल्या नर्सबाई दिल्या. पण दिवाळी संपल्यावर पोर शाळेत जायला तयार नसतं, पोट दुखतं म्हणतं, तेव्हा नाटकं करतो म्हणून त्याला बसमध्ये बसवून देण्याआधी कुणीतरी त्याच्या भाषेत त्याला विचारावं, इतकंच माझं मागणं आहे.

२०१९ चा राजुरा आठवतो ना? खासगी शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींची तब्येत बिघडून त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा तिथले अत्याचार उघडकीला आले. आणि मग याच जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांनी पत्रकारांसमोर असा सूर लावला की भरपाईचे पैसे मिळतात म्हणून पालक पुढे येताहेत. केवढा संताप झाला त्यावर. पण तो संताप करणाऱ्या किती घरांत, आपल्या पुतणीने तोंड उघडल्यावर, 'तिला शेतातला हिस्सा पाहिजे असेल' हे वाक्य बोललं जातं? पुढाऱ्याला बोलणं सोपं आहे.

आता कामाची गोष्ट. ऐकणाऱ्याने काय करावं? यासाठी मी तुम्हाला एक पुस्तक सुचवते आणि तुम्ही हसाल. ते आहे २०१२ चा पोक्सो कायदा. मी वकील नाही. मी तो घरात वागायचं पुस्तक म्हणून वाचते, आणि तसा तो फार चांगला आहे.

कायदा म्हणतो, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावा. पोलिसाने गणवेश घालू नये. रात्री पोलीस ठाण्यात मुलाला ठेवू नये. हे देसाईगंजनंतर चाळीस वर्षांनी आलं. घरात याचा अर्थ काय? कुठे बोलायचं, कधी बोलायचं, ते तिने ठरवायचं. सगळे जेवायला बसले असताना 'आता सांग सगळ्यांना काय झालं ते' असं नाही. आणि गणवेश आपणही घालतो बरं का. मोठा भाऊ, कर्ता पुरुष, सासू. तो उतरवून ऐकायला बसायचं.

कायदा म्हणतो, मुलाचा विश्वास असलेलं माणूस शेजारी असावं. विश्वास मुलाचा, आपला नाही. तिने मायऐवजी शाळेतल्या बाईला निवडलं, नवऱ्याऐवजी मैत्रिणीला निवडलं, तर रुसायचं कारण नाही. (नवरे रुसतात. 'मला आधी का नाही सांगितलं' हे त्यांचं पहिलं दुःख असतं.)

कायदा म्हणतो, पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावू नका, मध्ये मध्ये थांबू द्या, चारित्र्यावर प्रश्न विचारू नका, भाषा येत नसेल तर दुभाषी द्या. आपण काय करतो? मायला सांग, आता मावशीला सांग, आता वकिलाला सांग, आता पहिल्यापासून सांग. प्रत्येक वेळी ती पुन्हा त्या खोलीत जाऊन येते. एकदा सांगितलं ते पुरे. तपशील माहीत असल्याशिवाय साथ देता येत नाही, हा आपला गैरसमज आहे. तिने अर्धं सांगून थांबवलं तर अर्ध्यावर थांबा. आणि ते ज्या भाषेत फुटतं त्या भाषेत फुटू द्या. माडियात सुरू झालेलं वाक्य मराठीत सांग म्हणून अडवू नका.

आणि कायदा म्हणतो, मूल आणि आरोपी समोरासमोर येता कामा नयेत. न्यायालयात यासाठी पडदा लावतात, व्हिडिओवर साक्ष घेतात. घरात? घरात बारसं असतं, रोवणी असते, तेरवी असते. 'झालं गेलं विसर, मोठे आहेत, पाया पड.' पाया पड! एवढं एक तरी आपल्या हातात आहे की नाही? तो येणार असेल तर तिला आधी सांगा. तिला यायचं नसेल तर तिच्या वतीने तुम्ही कारण द्या, तिला द्यायला लावू नका. आणि शक्य असेल तिथे त्यालाच बोलावू नका. घरातल्या मोठ्यांना वाईट वाटेल. वाटू द्या.

दोन गोष्टी कायद्याच्या भाषेतच सांगायला हव्यात. सांगणारी व्यक्ती आज अठराच्या आतली असेल, तर पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तिथे तुमची मर्जी चालत नाही, संस्थाचालकाची तर अजिबात नाही. न कळवणं हाच गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. आणि सांगणारी व्यक्ती आज मोठी असेल, तर आता उशीर झाला असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. बलात्कारासारख्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते. घटना २०१२ च्या आधीची असेल तर पोक्सो नाही, तेव्हाची दंडसंहिता लागते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील मोफत मिळतो. पण तक्रार करायची की नाही, हे तिने ठरवायचं. तुम्ही गाडी काढून ठेवायची. ती नको म्हणाली तर गाडी आत लावायची, चेहरा न पाडता.

इथे रागाबद्दल बोललं पाहिजे. आपल्या माणसावर असं झालेलं ऐकलं की पहिल्यांदा हात शिवशिवतात. कापून टाकतो त्याला. मला त्या रागाबद्दल आदर आहे. ठाणं जाळू म्हणणाऱ्या जमावाशिवाय १९७२ मध्ये तक्रार लिहिली गेली नसती, हे मी विसरत नाही. पण घरातल्या रागाचं काय होतं ते बघा. नवरा रागाने पेटतो, आणि बायको स्वतःचं दुःख बाजूला ठेवून त्याला शांत करत बसते. तो मामाच्या गावी निघतो, ती त्याच्या पाया पडते. म्हणजे पुन्हा एका पुरुषाच्या भावना सांभाळण्याचं काम तिच्याचकडे आलं. तुमचा राग खरा आहे, तो तिच्यासमोर नका काढू. मित्राकडे काढा, भाताच्या बांधीत काढा, १४४१६ ला फोन करून काढा. टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो फक्त तिच्यासाठी नाही, साथ देणाऱ्यासाठीही आहे.

आणि दारूबद्दल. दोन्ही जिल्ह्यांनी दारूबंदीच्या मोठ्या लढाया पाहिल्या, त्यामुळे आपल्याकडे एक सोय झाली आहे. 'तो प्यायलेला होता.' प्यायलेला माणूसही दार लावून घेतो, कुणी बघत नाही ना ते पाहतो. पुढे जाऊ.

मोठेपणी काय दिसतं? कुणी रात्रभर दिवा लावून झोपते. कुणाला डॉक्टरकडे तपासणी नको असते, बाळंतपणातसुद्धा. कुणाला मागून खांद्यावर हात ठेवलेला चालत नाही. कुणी खात सुटतं. अमेरिकेत सॅन डिएगोला विन्सेंट फेलिटी नावाच्या डॉक्टरांनी लठ्ठपणाचं केंद्र चालवलं होतं. त्यांना कोडं पडलं, की ज्यांचं वजन उत्तम उतरत होतं तेच लोक उपचार सोडून का जातात. विचारपूस केली तर कित्येकांच्या बालपणी लैंगिक अत्याचार निघाले. कुणाकुणाला ते वजन म्हणजे आडोसा होता, आपल्याकडे कुणी बघू नये म्हणून. पुढे सतरा हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी झाली, आणि बालपणीच्या छळाचा मोठेपणीच्या आजारांशी किती जवळचा संबंध आहे ते १९९८ पासून जगासमोर आलं. त्यातून आपण घरच्यांनी एवढं घ्यावं, की तुम्हाला जी खोड वाटते, ती तिने कधीतरी जगण्यासाठी केलेली सोय असू शकते. दिवा बंद करायला लावू नका. डोळ्यांवर कापड बांधून झोपा.

पुरुषांबद्दल बोलायचं राहतं, आणि ते नेहमीच राहतं. पोक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. घर करतं. मुलाने सांगितलं तर आधी हसतात, मग 'कुणाला सांगू नको' म्हणतात, मग लग्न करून देतात. लग्नाने हे बरं होत नाही, मुलाचंही नाही आणि मुलीचंही नाही. ज्या बायकांच्या नवऱ्यांनी वीस वर्षांच्या संसारानंतर एखाद्या रात्री हे सांगितलं असेल, त्यांना माझी विनंती आहे की 'तुम्ही पुरुष असून' हे तीन शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. नुसतं 'बरं झालं सांगितलंत' म्हणा. किंवा काहीच म्हणू नका, चहा ठेवा, जवळ बसा.

हे सगळं एका रात्रीत होत नाही. चार महिने बरे जातात आणि मग एका बारशाच्या पत्रिकेवरचं नाव वाचून सगळं मागे येतं. घरच्यांना वाटतं, आपलं काही चुकलं. चुकलेलं नसतं. हे असंच चालतं, आणि त्यात घरच्यांनीही दमायची परवानगी स्वतःला द्यावी. एकट्याने पहारा करू नये. देसाईगंजातही दाराबाहेर तिघं होती.

माझा वेळ संपलाय, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं मला दिसलं. आता प्रश्नोत्तरं आहेत, त्याआधी एक सूचना. 'माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं' अशी सुरुवात करून कृपया इथे कुणाचं गाव, शाळा, आडनाव सांगू नका. आपला जिल्हा लहान आहे, दोन खुणांवरून लोक घर ओळखतात. आणि ज्यांना स्वतःबद्दल बोलायचं आहे, त्यांनी माईकवर बोलायलाच हवं असं नाही. संयोजकांनी दाराजवळच्या टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत, नाव न लिहिता प्रश्न लिहा. मला इथून उत्तर देता आलं नाही तर विधी सेवा प्राधिकरणाच्या एक वकीलबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्या सभागृह रिकामं होईपर्यंत थांबणार आहेत. मी पण थांबणार आहे.